एका खिडकीतली पोरं आणि चुसोकचा चंद्र

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

दक्षिण कोरियातल्या इंचॉन विमानतळावर तपासनिसानं माझ्या बॅगेतली पिशवी वर काढली. चार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन किलो कांदा-लसूण चटणी. त्यानं नाकाजवळ नेली, दोनदा शिंकला आणि काही न बोलता परत दिली. कोल्हापूरची ओळख करून द्यायला मला शब्द खर्चावे लागले नाहीत.

बाहेर पैलवान उभा होता. हे त्याचं शाळेतलं नाव. दहावीला वजन पस्तीस किलो, म्हणून पैलवान. १९९६च्या आमच्या बॅचमधला हा गेली अकरा वर्षं सुवॉनला इंजिनियर आहे. आता वजन ऐंशीच्या घरात गेलंय, त्यामुळे नाव उशिरा का होईना लागू पडलं. मिठी मारली आणि पहिलं वाक्य: "चटणी आणलीस न्हवं?"

विमानतळावरून सुवॉनला थेट बस आहे. बाहेर घामाच्या धारा. सप्टेंबरच्या मध्यावर इथं गारवा सुरू होतो म्हणून मी स्वेटर आणला होता, तो पूर्ण आठवडाभर बॅगेच्या तळाशी पडून राहिला. आठवडाही साधा नव्हता. मंगळवारी १७ तारखेला चुसोक, म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्रमहिन्याची पौर्णिमा. अख्खा देश गावाकडं निघतो, पूर्वजांना पान वाढतो, कबरींवरचं गवत काढतो. रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली. आणि यंदा त्याच दिवशी आमच्याकडं अनंत चतुर्दशी. चाळीस वर्षांत विसर्जनाला मी गावात नाही असं पहिल्यांदाच घडणार होतं. पण पैलवानाला सलग रजा मिळते ती एवढीच. "ये न्हाईतर नको येऊस," म्हणाला होता.

पैलवानाचं घर सतराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याच्या जागी आकडा नाही, 'एफ' लिहिलंय. त्यांच्या भाषेत चार आणि मृत्यू यांचा उच्चार एकच, 'सा'. रात्री जेवण झाल्यावर तो मला खरकटं टाकायला खाली घेऊन गेला. हा पाहुणचार मला आधी कळेना. यंत्रासमोर कार्ड धरायचं, झाकण उघडतं, खरकटं ओतायचं, वजन होतं, आणि तेवढ्याचं बिल महिन्याच्या हिशेबात लागतं. "म्हणून पानात टाकायचं न्हाई," पैलवान म्हणाला. आमच्या आज्जीनं हे यंत्राशिवाय साधलं होतं.

रविवार, १५ सप्टेंबर

सुवॉन म्हणजे सॅमसंगचं गाव एवढंच मला माहीत होतं. गावाच्या मधोमध ह्वासॉंग नावाचा किल्ला आहे. पावणेसहा किलोमीटरची तटबंदी, १७९४ ते १७९६ या काळात बांधलेली. तारखा ऐकल्यावर माझ्या डोक्यात आपली इतिहासाची वही उघडली: महादजी शिंदे गेले १७९४, खर्ड्याची लढाई १७९५, सवाई माधवराव गेले तेही १७९५. आपल्याकडं सगळं उतरणीला लागलं होतं तेव्हा इथला राजा जॉंगजो नवं शहर उभारत होता.

कारण मात्र जुनं होतं. जॉंगजो लहान असताना, १७६२ साली, त्याच्या आजोबानं म्हणजे राजानं त्याच्या बापाला तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडून मारलं. आठ दिवस लागले. नातू गादीवर आल्यावर त्यानं बापाची कबर चांगली जागा बघून सुवॉनजवळ हलवली, आणि मग तिच्या सोबतीला जणू हे शहर बांधलं. बापाच्या दर्शनाला तो लवाजम्यानिशी यायचा. तटावरून चालताना पैलवान हे सांगत होता आणि मी सावली शोधत होतो.

मला सगळ्यात आवडली ती या किल्ल्याची चोपडी. किती दगड, किती विटा, कुठलं यंत्र कसं जोडलं, कुठल्या कामगाराला किती मजुरी दिली, सगळं चित्रांसकट छापून ठेवलेलं. वेठबिगार नव्हती, रोख पगार होता. पुढं युद्धात किल्ला पडझडला तेव्हा १९७०च्या दशकात याच चोपडीवरून पुन्हा उभा केला. आपल्या एखाद्या गडाची अशी चोपडी सापडली तर किती भांडणं मिटतील, आणि किती नवी सुरू होतील!

संध्याकाळी तळलेल्या कोंबडीच्या गल्लीत जेवलो. सुवॉनमध्ये अशी अख्खी गल्लीच आहे. मग पैलवान म्हणाला, "आता आंघोळीला." जिमजिलबांग म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, गरम कुंडं, भट्टीसारख्या खोल्या, वर झोपायची सोय. कुंडांच्या भागात अंगावर कपडा चालत नाही. पंचगंगेत चड्डी घालून एकत्र पोहलेल्या मित्रासमोर चव्वेचाळिसाव्या वर्षी असं उभं राहणं म्हणजे काय ते सांगत नाही. पाच मिनिटांनी काही वाटेनासं झालं. नंतर डोक्याला टॉवेलची मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करून, भट्टीत भाजलेली अंडी सोलत आणि शिख्ये नावाचं तांदळाचं गोड, गार सरबत पीत बाराला घरी आलो.

सोमवार, १६ सप्टेंबर

सोलला एक नंबरच्या लोकलनं तासभर. वाटेत मी हांगुल वाचायला शिकत होतो. ही लिपी राजा सेजॉंगनं १४४३ साली घडवली आणि १४४६ साली जाहीर केली. त्याआधी लिहायचं तर चिनी अक्षरांत, म्हणजे विद्वानांचीच मक्तेदारी. सामान्य माणसाला मनातलं मांडता येत नाही याचं वाईट वाटून ही अक्षरं केली, असं राजानं प्रस्तावनेत लिहिलंय. दरबारातल्या पंडितांनी विरोध केलाच. आळंदीची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मूळची अठ्ठावीस अक्षरं, आज चोवीस. आणि व्यंजनांचे आकार तोंडातून उचललेले: 'न' म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक, 'क' म्हणजे घशाकडं उचललेलं जिभेचं मूळ, 'म' म्हणजे चौकोनी तोंड. आपण कंठ्य, तालव्य, दंत्य अशा रांगा लावल्या, यांनी त्यांची चित्रं काढली. शहाणा माणूस सकाळ सरायच्या आत ही लिपी शिकतो आणि मंदबुद्धी माणूस दहा दिवसांत, असं तेव्हाच्याच एका विद्वानानं लिहून ठेवलंय. "तुला दहा," पैलवान म्हणाला. पण मी सोल येईपर्यंत दुकानाची पाटी वाचली: खो-पी. कॉफी! 'फ' म्हणताना ओठावर दात टेकवायचा उच्चार त्यांच्यात नाही, म्हणून खोपी. मग माझ्या गावाचं नाव लिहून बघितलं, ते झालं कोल-हा-फु-रु. ऐकायला जपानी पैलवानाचं नाव वाटतं.

ग्योंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घातलेल्यांना फुकट प्रवेश असतो, त्यामुळे तिथं अर्धं जग भाड्याच्या रेशमी घागऱ्यांत फिरत होतं. मूळचा वाडा १३९५चा. १५९२च्या जपानी स्वारीत जळाला, पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला, आणि मग जपानी राजवटीनं त्याच्या छाताडावर स्वतःची सचिवालयाची इमारत ठोकली. ती इमारत कोरियन सरकारनं १९९५-९६ मध्ये पाडून टाकली. मला वाडा ठीकठाक वाटला. उन्हात डोकं चालत नव्हतं हेही खरं. ग्वांगजांग बाजारात मात्र जीव आला. जात्यावर हिरवे मूग दळतायत, पिठात मोड आलेले मूग घालून तव्यावर जाड धिरडी टाकतायत. बिंदेत्तोक. नाव काहीही असो, ते मुगाचं धिरडं आहे. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, पुष्कळदा पिठात डुकराचं मांस असतं.

तिथून आम्ही गोयांगला, मॉनिटरच्या घरी. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी ही पोरगी. माझं नाव तिनं खडूची कांडी संपेपर्यंत लिहिलंय. पुण्यात असताना रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला आलेल्या कोरियन माणसाशी तिचं जमलं. आम्ही त्याला दाजी म्हणतो आणि तो हाकेला ओ देतो.

"या की! मी मघापासनं वाट बघत थांबलोय," मॉनिटर दारातच ओरडली. सोळा वर्षं परदेशात काढूनही ती 'थांबलोय'च म्हणते. तिची सात वर्षांची मुलगीही मराठीत 'मी जेवलो' म्हणते आणि पुण्याच्या नातेवाइकांकडून टोकून घेते.

आत स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून विजेच्या तव्यावर सकाळपासून जॉन नावाची तळणी चालली होती. भोपळ्याच्या चकत्या, माशाचे तुकडे, पीठ, अंडं, तवा. सोलच्या सोंग्युनग्वान या कन्फ्यूशियन संस्थेनं २०२२ सालीच जाहीर केलं की पूर्वजांच्या पानाला तळणीची गरज नाही, सुनांना त्रास देऊ नका. "मग?" मी विचारलं. मॉनिटरनं सासूबाईंकडं मान उडवली. त्या म्हणाल्या, आणि तिनं भाषांतर केलं: "विद्वानांना काय कळतंय, आमच्या सासऱ्यांना आवडायचं."

मग आली तांदळाची उकड. गरम पाण्यात मळलेली, गोळा करून, अंगठ्यानं खोलगट पारी करायची, आत तिळाचं गोड सारण भरायचं, अर्धचंद्रासारखी मिटायची आणि पाइनच्या सुया पसरून त्यावर वाफवायची. सोंगप्योन. मी हात धुवून बसलो. आमच्या देशावर तळणीचेच मोदक, पण माझं आजोळ मालवणकडचं, त्यामुळे उकडीचे येतात. अर्धचंद्र कसले, मी सवयीनं पाकळ्या पाडल्या आणि शेंडी वळली. सासूबाईंनी तो मोदक तळहातावर घेऊन फिरवून फिरवून बघितला. सोंगप्योन सुबक करणाऱ्याला मुलगी देखणी होते अशी त्यांच्यात म्हण आहे. मला दोन मुलगे आहेत हे कळल्यावर त्या फार हळहळल्या.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज चुसोक. सकाळी आठला भिंतीशी पडदा, त्यापुढं मेज. तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. नवा भात, सोंगप्योन, कालची जॉन, अळकुड्यांचं सार. मधोमध माझा एक मोदक. सासूबाईंनीच ठेवला होता. दाजी आणि त्यांचे वडील गुडघे टेकून, कपाळ जमिनीपर्यंत नेऊन दोनदा वाकले. भाताच्या वाटीत चमचा उभा खोवला, आणि मग सगळे गप्प उभे राहिले. येणाऱ्यांना जेवायला वेळ द्यायचा असतो. आपण कावळ्याची वाट बघतो, ते फक्त वाट बघतात. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडंही पितृपंधरवडाच होता.

वडिलांना मॉनिटर 'आबोनिम' म्हणते. मी आबा म्हणू लागलो, कुणाला चुकीचं वाटलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे. जेवणं झाल्यावर त्यांनी कोट चढवला, तसल्या उन्हात, आणि आम्ही उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या इमजिनगाकला निघालो. चुसोकला महामार्गावर टोल माफ असतो, त्यामुळे गर्दीही तशीच. "चुसोकमधला चु म्हणजे शरद ऋतू," दाजी गाडीचा एसी वाढवत म्हणाले, "यंदा हा-सोक म्हणायला पाहिजे." हा म्हणजे उन्हाळा.

आबा केसॉंगचे. हे गाव ३८व्या अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणजे १९५०च्या युद्धाआधी दक्षिण कोरियात होतं. १९५३चा युद्धबंदी करार झाला तेव्हा रेषा सरकलेली होती आणि गाव उत्तरेत गेलं. दहा वर्षांच्या आबांना घेऊन घरचे पळाले ते थोड्या दिवसांत परत येऊ म्हणून. आजी मागं राहिली, घर राखायला. इमजिनगाकहून केसॉंग वीस-बावीस किलोमीटर. मी मनात मोजलं: कोल्हापुरातनं पन्हाळा. पन्हाळा दिसतोय आणि सत्तर वर्षं जाता येत नाही.

तिथं एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय, अंगावर हजाराहून जास्त गोळ्यांची भोकं. पोरं त्याच्यासमोर फोटो काढत होती, आइस्क्रीम खात होती. शेजारीच बालोद्यानाचे पाळणे. आणि पलीकडं मांगबेदान, उत्तरेकडं तोंड केलेली दगडी वेदी. ज्यांच्या कबरी पलीकडं राहिल्या त्यांनी इथं येऊन वाकायचं. म्हातारी माणसं कोट-टाय घालून रांगेत होती. आबांनी खिशातनं कागदी पुडी काढली, दोन सोंगप्योन आणि एक जॉन मांडली, वाकले. उठायला वेळ लागला, दाजींनी हात दिला. आम्ही दोघं मागं चपला काढून उभे होतो. पैलवानाची एकही थट्टा त्या तासाभरात ऐकू आली नाही.

बाकावर बसल्यावर मी आबांना एक गोष्ट सांगितली. युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त कैदी होते. ते सांभाळायला भारताची फौज याच पट्ट्यात आली होती. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून अमेरिकनांनी त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. आणि शेवटी काही कोरियन कैदी असे निघाले की त्यांना उत्तरही नको, दक्षिणही नको. १९५४ साली थोरातांची फौज परतली तेव्हा ते भारतात आले.

दाजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आबांना वाक्यावाक्यानं सांगितलं. आबा बराच वेळ नदीकडं बघत राहिले. मग काहीतरी विचारलं. मॉनिटरनं लगेच भाषांतर केलं नाही.

"ते म्हणतायत, भारतात गेले त्यांचं चुसोक कोण करत असंल?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रात्री गच्चीवर चंद्र बघायला गेलो. चुसोकच्या चंद्राकडं काहीतरी मागायचं असतं. साडेआठ वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात पाच. भावानं महाद्वार रोडवरून व्हिडिओ कॉल लावला. चित्र थरथरत होतं, ढोलाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, पण तिघंही मोबाइलवर डोकी टेकवून उभे राहिलो. दाजींनी तेव्हा एक शब्द सांगितला. शाळासोबत्याला कोरियनमध्ये 'दोंगचांग' म्हणतात. दोंग म्हणजे एकच, चांग म्हणजे खिडकी. एका खिडकीतले. आमच्या वर्गाची खिडकी मागच्या गुऱ्हाळाकडं उघडायची. गुळाचा वास आला की पैलवान भूक लागली म्हणायचा आणि मॉनिटर त्याचं नाव फळ्यावर लिहायची. "आजबी लिहितो थांब," ती म्हणाली.

बुधवार, १८ सप्टेंबर

कुठं गेलो नाही. पैलवानाच्या घरी टीव्हीवर स्सिरम, म्हणजे त्यांची कुस्ती. चुसोकला स्सिरम हवंच, आमच्याकडं जत्रेला मैदान हवं तसं. वाळूचा आखाडा. कमरेला आणि मांडीला साट्बा नावाचा पट्टा, दोघांनी एकमेकांचा पट्टा धरूनच सुरुवात करायची. गुडघा किंवा त्यावरचा कुठलाही भाग वाळूला लागला की हार, त्यामुळे कुस्ती काही सेकंदांत निकाली. पाठ लावायची भानगड नाही. तीनपैकी दोन. वजनगटांना डोंगरांची नावं आहेत, सगळ्यात वरचा गट बेक्दू. जुन्या काळी जिंकणाऱ्याला बैल द्यायचे. २०१८ साली उत्तर आणि दक्षिण कोरियानं मिळून युनेस्कोच्या यादीत स्सिरमचं नाव घातलं. दोघांचं एकमत व्हायला कुस्ती लागली, हे खासबाग मैदानाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पटतंच.

अर्ध्या तासानं पैलवानानं दोन टॉवेल आणले. मी त्याला उचलायला गेलो आणि दोघंही सोफ्यावरनं खाली. तीन मिनिटांत भिंतीवरचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा निरोप, पहारेकऱ्यामार्फत, अत्यंत आदरार्थी भाषेत. पैलवान फोनसमोर कमरेत वाकून माफी मागत होता, समोर कुणीही नसताना.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पैलवान कामावर. मी एकटाच सोलहून वेगवान रेल्वेनं दोन तासांत ग्योंगजूला. सिल्ला या जुन्या राज्याची ही राजधानी. गावात घरांच्या मधोमध राजांच्या कबरींच्या हिरव्या टेकड्या आहेत, नुकतंच गवत कापल्यामुळे गुळगुळीत.

पण मी आलो होतो सॉकगुरामसाठी. डोंगरावर, आठव्या शतकातलं लेणं. लेणं म्हणायचं खरं, पण कोरलेलं नाही. इथला दगड ग्रॅनाइट, आपल्या बेसॉल्टसारखा छिन्नीला वश होणारा नाही. म्हणून त्यांनी शिळा घडवून, एकमेकींत बसवून घुमट उभा केला आणि वर माती घालून लेणं तयार केलं. अजिंठा-कार्ल्याची कल्पना चीनमार्गे इतक्या लांब आली, आणि डोंगर ऐकेना तेव्हा यांनी डोंगरच बांधला. आत साडेतीन मीटरचा बुद्ध, उजवा हात भूमीला टेकलेला, तोंड पूर्वेच्या समुद्राकडं. मध्ये काच आहे, फोटोला बंदी आहे, मागून रांग ढकलत असते. मी तीनदा रांगेत उभा राहिलो. तिसऱ्यांदा पहारेकरी हसला.

याच सिल्लातला ह्येचो नावाचा भिक्षू आठव्या शतकात भारत पालथा घालून गेला आणि त्यानं प्रवासवर्णन लिहिलं. त्याची अर्धवट पोथी १९०८ साली चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहेत सापडली. त्याला भारतातलं ऊन कसं वाटलं असेल, हा विचार मी बसस्टॉपवर घाम पुसत केला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

विमानतळावर मॉनिटरही आली, सासूबाईंनी दिलेली पिशवी घेऊन. आत दोन किलो गोचुगारू, त्यांच्या माहेरच्या शेतातल्या मिरचीची पूड, चार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. चटणीची परतफेड. आबांनी चिठ्ठी दिली होती, हांगुलमध्ये एकच ओळ. मी अक्षर अक्षर लावत वाचली, अर्थ मॉनिटरनं सांगितला: जेवण करून जा.

घरी आल्यावर आईनं त्या मिरचीचा पिठलं-भाकरीबरोबर ठेचा केला. रंग असा लालभडक की शेजारीण बघायला आली. आईनं बोटानं चाखला, पुन्हा चाखला, आणि माझ्याकडं बघितलं.

"रंग बरा हाय. तिखट कधी घालत्यात?"